वजा १३,३९५ रुपये: पाणीखात्यातली जादा जमा परत मिळवताना

नवी मुंबईतल्या एका रो-हाऊसच्या पाणीखात्यात ग्राहकाचे २६ हजारांहून जास्त रुपये जादा जमा झाले होते. ते परत मिळायला नऊ महिने लागले. या प्रकरणात कोणी लबाडी केली नाही, कोणी चहापाण्याचे पैसे मागितले नाहीत, कोणी उद्धटही बोललं नाही. तरीही गाडं जागोजागी रुतलं. ते कुठे रुतलं हे सांगण्यासाठीच हे सविस्तर लिहितो आहे.

घरच्या माणसांची ओळख पुसली आहे. पाणी पुरवणाऱ्या संस्थेचं नावही घेतलेलं नाही. इथे पाणी एकाच घरचं नाही: मोरबे धरण महापालिकेचं, हेटवणेतून सिडको पाणी घेते, बारवी एमआयडीसीचं. यातल्या कोणाकडेही हे घडू शकलं असतं. माझी नोकरी हिशेबतपासणीत गेली. आता ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर लोकांना अर्ज लिहून देतो, तेवढाच माझा या प्रकरणाशी संबंध. त्या घरच्या बाईंना आमच्या लेनमध्ये सगळे काकू म्हणतात, म्हणून इथेही काकूच.

पार्श्वभूमी

घर सिडकोच्या वेळचं, तळमजला आणि वर एक मजला. बिल्डिंगमध्ये सोसायटीचं एकच मोठं कनेक्शन असतं आणि पाण्याचा खर्च मेन्टेनन्समध्ये विरघळून जातो. रो-हाऊसचं तसं नसतं. दारात आपला मीटर, आपला ग्राहक क्रमांक आणि तीन महिन्यांनी येणारं आपलं बिल.

घरात तिघी: ७१ वर्षांच्या काकू, त्यांच्या नणंदबाई आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणारी एक मुलगी. तिमाहीचा वापर ३५ ते ३७ युनिट. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. हिशेब केला तर माणशी दिवसाला १३० लिटरच्या आसपास येतं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी १३५ लिटरचा मापदंड धरतात, त्याच्या हे घर आतच होतं. बिल सव्वाचारशेच्या जवळपास यायचं.

खातं काकांच्या नावावर होतं. काका २०१९ मध्ये गेले. त्यानंतर सिडकोच्या नोंदीत काकूंचं नाव लागलं, विजेच्या बिलावर लागलं, पाण्याच्या खात्यावर मात्र राहून गेलं. बिल येतंय, भरलं जातंय, मग कशाला खेटे घालायचे, असा तो विचार. ही गोष्ट पुढे चांगलीच महागात पडली.

मुलगा बंगळुरूला. घरची सगळी बिलं तोच मोबाइलवरून भरायचा. काकू बिलाचा फोटो पाठवायच्या, तो आकडा बघून पैसे भरायचा, काकू हात जोडलेलं चित्र पाठवायच्या. या व्यवहारात बिल कोणीच वाचत नव्हतं.

जादा रक्कम साठली कशी

एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत मागचं रीडिंग १,१५१ होतं आणि चालू रीडिंग १,१८७. नोंदताना आकडे उलटसुलट झाले आणि १,८१७ लिहिलं गेलं. ३६ युनिटच्या जागी ६६६ युनिट. बिल आलं ९,८७० रुपयांचं. मुलाला वाटलं, उन्हाळा आहे, शिवाय दर वाढले असतील. त्याने भरून टाकलं. ६६६ युनिट म्हणजे दिवसाला सुमारे ७,३०० लिटर. त्या तिघींनी दिवसभर नळ उघडे ठेवून घराचा तलाव केला असता तरच एवढं पाणी लागलं असतं.

पुढच्या तिमाहीत खरं रीडिंग १,२२२ आलं. आता मागचं १,८१७ आणि चालू १,२२२, म्हणजे मीटर उलटा फिरला! संगणकाने आपल्या परीने मार्ग काढला. मीटर बंद असल्याचा शेरा मारून सरासरी बिल लावलं, आणि सरासरी काढताना तो फुगलेला आकडाही धरला. त्यामुळे २,६१० रुपये. त्याच्या पुढच्या तिमाहीला पुन्हा २,६१०. दोन्ही भरले गेले.

जानेवारी २०२४ मध्ये गळका व्हॉल्व्ह बदलायला आलेल्या प्लंबरने सहज बिल हातात घेतलं. तो म्हणाला, "काकू, मीटर तर मस्त फिरतोय, बिलावर बंद कसा?" काकूंनी मीटरचा फोटो काढून घेतला आणि अर्ज दिला. अभियंता येऊन बघून गेला आणि मार्चमध्ये दुरुस्तीची नोंदही झाली. हे काम झटपट झालं, त्याचं श्रेय द्यायला हवं. तीन बिलांचे मिळून १५,०९० भरले होते, खरे व्हायला हवे होते १,२७५. म्हणजे १३,८१५ रुपये खात्यात जादा.

फक्त एक राहिलं. दुरुस्ती झाली, तुमचे इतके पैसे आमच्याकडे जास्त आहेत, असं एका ओळीचं पत्र काकूंना कोणी पाठवलं नाही.

एप्रिलमध्ये पुढचं बिल आलं. ४२० रुपये वजा जाऊन 'एकूण रक्कम' या रकान्यात छापलं होतं: -१३,३९५.

आपल्याकडे रकमेच्या आगेमागे आडव्या रेघा असतातच. रु. ५००/- असं लिहिण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला आकड्याशेजारची एक बारीक रेघ ही छपाईची तऱ्हा वाटते, उणे चिन्ह वाटत नाही. त्यात खाली नेहमीचा मजकूर: मुदतीत भरणा न केल्यास नळजोडणी खंडित करण्यात येईल. काकू घाबरल्या. आधी नऊ हजारांचं बिल आलेलं, तेव्हा तेरा हजारांचंही येऊ शकतं असं त्यांनी मनाशी धरलं. मुलाला पुन्हा खर्चात घालायचा नाही म्हणून त्याला न सांगता स्वतःच्या बचत खात्याचा चेक फाडला, रिक्षा करून भरणा केंद्रावर गेल्या आणि १३,३९५ रुपये भरून आल्या. खिडकीवरच्या माणसाने चेक घेतला, पावती दिली. जास्तीचे पैसे घ्यायला संगणक कधी नाही म्हणत नाही. पावतीवर 'आगाऊ भरणा' असं छापलंही होतं.

जुलैत बिल आलं -२६,३६० चं. काकूंना वाटलं, चेक वटलाच नाही आणि वर दंड लागला. या वेळी त्या बिल घेऊन माझ्याकडे आल्या, आणि चेकबुकही बरोबर होतं.

अडचण नेमकी कोणती

पैसे कोणी नाकारत नव्हतं. कार्यालयातला लिपिक पडद्यावर बघून लगेच म्हणाला, "आजी, तुमचेच आहेत पैसे, कुठे जात नाहीत. पुढच्या बिलांत ॲडजस्ट होतील." बरोबरच होतं ते. पण तिमाहीला ४२५ या हिशेबाने २६,३६० संपायला साडेपंधरा वर्षं लागणार होती. काकू म्हणाल्या, "तोवर मी ८६ ची. मला पाणी पाजायला दुसरंच कोणी असेल."

गणपतीत, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये, मुलगा आला तेव्हा आणखी एक गोष्ट ठरली: घर विकायचं आणि काकूंनी पुण्याला, त्यांच्या बहिणीच्या शेजारी राहायला जायचं. गिऱ्हाईकही लेनमधलंच मिळालं. आता मुदत पडली. पाणीखातं खरेदीदाराच्या नावावर गेलं की त्यातली शिल्लकही त्याच्या नावावर जाणार, कारण ती खात्याला चिकटलेली असते.

त्यात गुंता तिहेरी होता. खातं काकांच्या नावावर, आणि काका हयात नाहीत. जादा रकमेचा अर्धा भाग मुलाच्या बँक खात्यातून गेलेला. उरलेला अर्धा काकूंच्या चेकने. परतावा द्यायचा तर कोणाच्या नावे, हा प्रश्न कार्यालयाने विचारला असता तर त्यांचं चूक नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला, काहीच न करणं. घर राहिलं असतं तर मी कदाचित निम्मी रक्कम खात्यात राहू द्या म्हटलं असतं. घर विकताना ते शक्य नव्हतं.

दुसरा पर्याय इस्टेट एजंटने सुचवला: खरेदीदाराकडून तेवढे पैसे रोख घ्या आणि शिल्लक त्याला राहू द्या. कागदावर हा सर्वांत सोपा मार्ग. पण खरेदीदार हिशेबी निघाला. "मी पंधरा वर्षांचं पाणी आज का विकत घेऊ?" असं म्हणून त्याने १०,००० देऊ केले. काकू जवळजवळ तयार झाल्या होत्या. मुलगा अडून बसला.

तिसरा, रक्कम दुसऱ्या खात्यावर वळवणं. काकूंची मुलगी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, पण तिथला पुरवठा वेगळ्या यंत्रणेचा आणि तिच्या सोसायटीचं कनेक्शन सामायिक. तो विचार पाच मिनिटांत संपला. काकूंच्याच इतर देण्यांत वळवता येईल का, असंही तोंडी विचारलं. लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातला कप्पा, वेगळं, त्यामुळे नाही.

चौथा, बँकेकडे तक्रार. मुलाने वाचलं होतं की यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला दिलेले पैसे पोचले नाहीत तर पाच दिवसांत परत यावे लागतात, नाहीतर रोज १०० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा तो नियम खरा आहे, पण फसलेल्या व्यवहारासाठी. इथे प्रत्येक व्यवहार यशस्वी झाला होता, तीच तर अडचण.

पाचवा, रीतसर परताव्याचा अर्ज. यात वेळ किती जाईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. वकिलाची नोटीस आणि ग्राहक आयोग हे मार्ग मी शेवटासाठी राखून ठेवायला सांगितले. ज्यांच्याकडून नामांतर आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायचा आहे, त्यांनाच पहिल्या दिवशी नोटीस द्यायची नसते. हे माझं मत. मुलाला ते भित्रेपणाचं वाटलं.

काय केलं

पहिलं पाऊल कबुलीचं. लिपिकाने पडद्यावर बघून "तुमचेच आहेत" म्हणणं आणि शिक्का मारलेल्या कागदावर तो आकडा असणं यांत फार अंतर असतं. खातेउतारा तोंडी मागितला तर साध्या कागदावर छापून मिळाला, सही-शिक्का नाही. म्हणून माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मजकूर १५० शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय चालतो.

मुलाने पहिला मसुदा लिहिला त्यात नऊ प्रश्न होते आणि त्यांतले सात "का" ने सुरू होत होते. ६६६ युनिट का दिसले नाहीत? चेक का घेतला? प्रश्न रास्त होते, पण माहिती अधिकारात दप्तरात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. ते सगळं काढून एवढंच ठेवलं: एप्रिल २०२३ पासून आजपर्यंतचा खातेउतारा, त्या काळातल्या रीडिंगच्या नोंदी आणि दुरुस्तीची मंजुरी, या सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. २७ व्या दिवशी सहा पानं आली. पानाला २ रुपये, एकूण १२. त्यात दुरुस्तीच्या टिपणीवर स्वच्छ लिहिलेलं होतं: रीडिंग नोंदवताना चूक झाल्याने फरकाची रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा. या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

दुसरा निर्णय जास्त अवघड होता. परतावा काकांच्या नावाच्या खात्यावरून वारस म्हणून मागायचा, की आधी खातं काकूंच्या नावावर करून मग मागायचा? पहिल्या मार्गाने वेळ वाचला असता. पण लेखा विभाग मयताच्या खात्यावरचे पैसे देताना वारसाचे सगळे कागद नव्याने तपासणार, हे मला नोकरीवरून माहीत. नामांतराचं उलट आहे. मालकी हक्कातला बदल ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली जाहीर झालेली सेवा आहे, म्हणजे अर्ज घेतल्यावर मुदत सुरू होते आणि मुदत टळली तर अपील करता येतं. सिडकोची वारसनोंद आणि मुलांची हक्कसोडपत्रं काकूंकडे तयार होतीच. म्हणून आधी नामांतर केलं.

इथे मी एक चूक केली. नामांतराबरोबरच परताव्याचा अर्जही त्याच कायद्याखाली द्यायला लावला. दोन आठवड्यांनी तो परत आला. जाहीर सेवांच्या यादीत नवी जोडणी आहे, नामांतर आहे, नादुरुस्त मीटरची तक्रार आहे, थकबाकी नसल्याचा दाखला आहे, पण परतावा नाही. यादी मीच आधी नीट वाचायला हवी होती. वसुलीच्या यंत्रणेत परतीचं दार बांधलेलंच नसतं, हे एवढी वर्षं हिशेब तपासून मला कळायला हवं होतं.

ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान. निम्मा कर्मचारीवर्ग निवडणुकीच्या कामावर, मध्ये दिवाळी. नामांतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. ग्राहक क्रमांक तोच राहिला, शिल्लकही जशीच्या तशी आली. ती आली का हे बघायला काकू स्वतः गेल्या होत्या.

दरम्यान खरेदीदाराला घाई होती, त्याचं गृहकर्ज मंजूर होऊन पडलं होतं. तेव्हा विक्री अडवून ठेवायची की करून टाकायची? आम्ही करारनाम्यात एक कलम घालून घेतलं: ताबा देण्याच्या दिवशी पाणीखात्यात जी जादा रक्कम असेल ती विक्रेत्याची, आणि तिचा परतावा मिळेपर्यंत खरेदीदार पाणीखात्याच्या नामांतराचा अर्ज देणार नाही. खरेदीदाराच्या वकिलाला हे कलम हास्यास्पद वाटलं. पण खरेदीदारानेच "घाला हो, काकूंचे पैसे आहेत" म्हटलं. आधी दहा हजार देऊ करणारा हाच माणूस. जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी झाली. ३१ तारखेला ताबा. त्या दिवशी मीटर रीडर बोलावून शेवटचं रीडिंग घेतलं, सहीचा कागद घेतला. मधली बिलं वजा जाऊन शिल्लक होती २५,३७५.

परताव्याचा अर्ज डिसेंबरातच गेला होता, पण एक नाही, दोन. हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय. काकूंचा १३,३९५ चा चेक एप्रिल २०२४ चा, म्हणजे चालू आर्थिक वर्षातला, आणि त्यावर 'आगाऊ भरणा' असा शिक्का. ती सरळ पावतीची बाब होती. मुलाने भरलेली रक्कम मात्र २०२३-२४ मधली. ते वर्ष बंद झालेलं, पैसे पाणीपट्टीच्या उत्पन्नात धरले गेलेले, ताळेबंद होऊन गेलेला. बंद वर्षाच्या उत्पन्नातून परतावा द्यायचा तर वरच्या पातळीची मंजुरी लागते आणि प्रत्येक सही करणारा उद्या लेखापरीक्षण आपल्याला विचारेल या धाकात असतो. दोन्ही रकमा एका अर्जात घातल्या असत्या तर सोपी रक्कम अवघडीबरोबर बुडाली असती.

दोन्ही अर्जांत १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७२ लिहिलं: चुकून दिलेले पैसे ज्याला मिळाले त्याने ते परत करायचे. कलम लिहिल्याने अधिकारी घाबरत नाहीत. मात्र टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाला वर पाठवताना आधार मिळतो, आणि तेवढ्यासाठीच ते लिहायचं. सोबत रद्द केलेला चेक, पावत्या, माहिती अधिकारातली सहा पानं, काकूंचं हमीपत्र. हमीपत्राला ५०० चा स्टॅम्प पेपर. १०० च्या पेपरचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, हे काकूंना व्हेंडरने सांगितलं आणि त्या ४०० रुपयांबद्दल त्या मला बरंच बोलल्या.

कुठे अडलं

चेकचा अर्ज फारसा अडला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस १३,३९५ रुपये काकूंच्या खात्यात थेट जमा झाले.

दुसऱ्या अर्जात ११,९८० राहिले होते. त्यावर पहिला आक्षेप: भरणा करणारी व्यक्ती ग्राहक नाही. मुलाने बंगळुरूहून ईमेलने संमती पाठवली. चालली नाही, मूळ सही हवी. त्याने कुरिअरने पाठवली. मग बँकेचं विवरण हवं, ज्यात तिन्ही भरणे दिसतील. तेही गेलं. तोवर मार्च उजाडला. मार्चअखेर लेखा विभागात परताव्याची फाइल घेऊन जाणं म्हणजे लग्नघरात वाढदिवसाचा केक घेऊन जाणं. लिपिकाने सरळ सांगितलं, "एप्रिलच्या दहा तारखेनंतर या, आजोबा. आत्ता मी हो म्हणेन आणि फाइल तळाला जाईल." मला त्याचा हा खरेपणा आवडला.

एप्रिलमध्ये फाइल एका टेबलावर तीन आठवडे थांबली. कारण कळेना. तिथे दोन मार्ग होते: दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्यासाठी होणाऱ्या लोकशाही दिनासाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्यायचा, किंवा त्या टेबलावरच्या अधिकाऱ्याला भेटायचं. आम्ही अर्ज भरून पिशवीत ठेवला आणि आधी भेटलो. त्यांची शंका एकच होती: दुरुस्तीची रक्कम काढली कशी, याचा तक्ता फाइलमध्ये नव्हता. आकडा होता, आकडेमोड नव्हती. मी तिथेच बसून कागदावर चार स्तंभ आखले: तिमाही, खरे युनिट, लावलेलं बिल, योग्य बिल. काकूंनी खाली सही केली. वीस मिनिटांचं काम, आणि ते डिसेंबरातच मी करायला हवं होतं. पिशवीतला अर्ज पिशवीतच राहिला.

निष्पत्ती

जून २०२५ मध्ये दुसरा परतावा आला. ११,९८० नाही, ११,३७०.

मधल्या काळात खातं गोठवलेलं नव्हतं. फेब्रुवारी-मार्चचं खरेदीदाराच्या वापराचं ६१० रुपयांचं बिल संगणकाने शिरस्त्याप्रमाणे शिल्लकेतून वळतं करून घेतलं. कार्यालयाच्या दृष्टीने ते बरोबर, खातं एकच. काकूंनी खरेदीदाराला फोन केला, त्याने त्याच संध्याकाळी ६१० पाठवले. असे २५,३७५ पुरे झाले.

व्याज मिळालं नाही. मागितलंही नव्हतं. मुलाला मागायचं होतं, पण व्याजाचा मुद्दा घातला की मूळ रकमेच्या मंजुरीला कायदा विभागाचा अभिप्राय जोडला जातो, म्हणून मी थांबवलं. हा सल्ला योग्य होता की नाही याबद्दल माझं मन अजून साफ नाही. काकूंना तो पटला, पण त्या दुसऱ्या अर्जातले पैसे मुलाचे होते. खर्च म्हणाल तर स्टॅम्प पेपर, नोटरी, कुरिअर आणि रिक्षा. रिक्षांचा हिशेब काकूंनी ठेवलेला नाही, आणि तोच सर्वांत मोठा असावा.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाने जुलै २०२३ मध्ये रकमेऐवजी युनिट बघितले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. त्या वेळी ९,८७० न भरता तक्रार देणं, किंवा तोडणीची भीती वाटत असेल तर 'हरकत कायम ठेवून भरणा' असं लिहून देणं, हे दोन्ही शक्य होतं. बिलाचा फोटो पाठवताना काकू आता मीटरचाही पाठवतात. मात्र पुण्याच्या सोसायटीत त्यांच्या वाट्याला मीटर नाही, म्हणून हल्ली तो विजेचा असतो.

जानेवारी ते मार्च २०२४ हा काळ वाया गेला. चूक जानेवारीत सापडली होती. तेव्हाच दुरुस्तीबरोबर परताव्याची मागणी लेखी केली असती तर निदान दोन भरणे त्याच आर्थिक वर्षात मोडून निघण्याची संधी होती. आम्हाला तेव्हा काही माहीतच नव्हतं. काकूंनी फक्त "बिल दुरुस्त करा" असा अर्ज केला आणि कार्यालयाने तेवढंच केलं.

चेक भरण्याच्या दिवशी खिडकीवर कोणी "आजी, हे उणे आहे" म्हटलं असतं तर अर्धं प्रकरण जन्मालाच आलं नसतं. खिडकीवरच्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्यासमोर रांग होती. पण बिलावर उणे चिन्हाऐवजी 'जमा शिल्लक' हे दोन शब्द छापायला काही खर्च नाही. तसं पत्र आम्ही कट्ट्यातर्फे दिलं आहे. पोच मिळाली आहे.

नामांतर २०१९ लाच करायला हवं होतं, हे काकू स्वतःच सांगतात. शेवटचं रीडिंग घेतलं त्याच दिवशी "या तारखेनंतरचं बिल शिल्लकेतून वळतं करू नये" असं पत्र द्यायला हवं होतं, हे मी सांगतो. ते सुचलं असतं तर ६१० रुपयांसाठी शेजाऱ्याला फोन करावा लागला नसता. खरेदीदार भला निघाला म्हणून तो फोन दोन मिनिटांत संपला.